नागपूरचा मे, रविवारचा बाजार आणि सासऱ्यांचा हट्ट

«ताई, नवऱ्याच्या बदलीमुळे फेब्रुवारीत आम्ही ठाण्याहून नागपूरला आलो. सोबत सासरे आहेत, वय ७१. भाजी शेतकऱ्याच्या हातूनच घ्यायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. दर रविवारी नाश्ता-आंघोळी आटोपून अकराच्या सुमारास मी आणि बाबा गाडी काढून आठवडी बाजारात जातो. मार्चपर्यंत मजा आली. आता मे आहे. गेल्या रविवारी बाबांना भर बाजारात गरगरलं. एका भाजीवाल्या बाईंनी त्यांना पालाखाली बसवलं, पाणी दिलं. घरी येईपर्यंत पालक-मेथीचा लगदा झाला होता. सातशे रुपयांची भाजी आणली, बुधवारपर्यंत निम्मी कचऱ्यात गेली. आंबे बाहेरून पिवळेधमक, आतून आंबट. त्यात बाबा प्रत्येक पाव किलोमागे भाव करतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नवरा म्हणतो, मोबाइलवरून मागव आणि नाद सोड. बाबांना ते पटणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही बाजार आवडतो. काय करू? — एक सून, नागपूर»

सूनबाई,

सही तुम्ही तशी केलीत, म्हणून मीही तेच म्हणते.

आधी बाबांचं बघू, पालक नंतर. ७१ वर्षांचा माणूस, मे महिना, नागपूर आणि सकाळचे अकरा. चक्कर आली यात नवल नाही, पाण्यावर भागलं हे नशीब. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू असेल, त्यातही लघवी जास्त होणारी, तर उन्हाळ्यात त्या गोळीचं काय करायचं ते याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. आणि एक लक्षात ठेवा. चक्कर, मळमळ, पायात गोळे इथवर असेल तर सावली, पाणी, मीठ-साखरेचं लिंबूपाणी पुरतं. पण अंग तापलेलं आहे, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा हाकेला नीट ओ देत नाही, तर तो उष्माघात. अशा वेळी तोंडात पाणी ओतत बसायचं नाही. सावलीत आडवं करायचं, ओल्या कपड्याने मान, काखा, जांघा पुसत राहायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा. घाम थांबण्याची वाट बघू नका, घाम असतानाही उष्माघात होऊ शकतो.

इथे कुणीतरी तुम्हाला ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायला सांगेलच. ठेवू द्या बाबांना, त्याने काही बिघडत नाही. मात्र डोक्या-कानाला पांढरा सुती दुपट्टा बांधलेला असेल आणि निघण्याआधी पोटात दोन ग्लास पाणी असेल, तरच बाजारात न्या. कांदा घरी आल्यावर जेवणात चिरून घ्या.

आता तुमचा खरा घोटाळा सांगते. तुम्ही अजून ठाण्याच्या घड्याळाने बाजाराला जाताय. मे अखेरीस ठाण्यात सहाच्या सुमारास उजाडतं, नागपूरला साडेपाचला सूर्य वर आलेला असतो. म्हणजे तुमच्या घड्याळात अकरा वाजतात तेव्हा इथलं ऊन ठाण्याच्या साडेअकराचं झालेलं असतं, आणि तेही ठाण्यापेक्षा जोराचं वाटतं. शिवाय ठाण्याची हवा दमट. तिथे घाम निथळतो, माणूस वैतागतो आणि आपसूक सावलीला जातो. इथली हवा कोरडी. घाम येतो तो कपड्यांना कळायच्या आत उडून जातो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. पालकाचंही नेमकं तेच होतं. पान तोडलं की मुळाकडून पाणी येणं बंद, आणि कोरडी हवा पानातलं पाणी ओढतच राहते. भाजीवाले दर थोड्या वेळाने पाणी शिंपतात ते त्यासाठी. नऊनंतर ते शिंपणंही कामाचं राहत नाही, उलट गरम ओलाव्यात जुडी आतून घामेजते आणि काळी पडते. तुमच्या हाती आलेला लगदा तिथेच तयार झाला होता. नंतर तो तुम्ही उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवून शिजवलात.

तेव्हा पहिला बदल वेळेचा. साडेसहाला बाजारात, आठच्या आत घरी. नाश्ता-आंघोळी आल्यावर. पालेभाजी आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे तोडतात, सकाळी तिच्यात जीव असतो. बाबांना हे सांगायला अवघड जाणार नाही. या वयाची माणसं पाचला उठून घरभर दिवे लावत हिंडत असतातच, त्यांना कामाला लावा. सकाळ अगदीच जमली नाही तर सूर्य कलल्यावर, सहानंतर जा. पण संध्याकाळी पालेभाजीकडे बघायचंसुद्धा नाही. दिवसभर तापलेली जुडी पाच रुपयांत मिळाली तरी महागच. संध्याकाळ कांदा, आलू, कोहळं, मिरची अशा न कोमेजणाऱ्या मालाची. २५ मेच्या आसपास नवतपा लागतो, ते नऊ दिवस तर दुपारी बाजाराचं नावच नको.

दुसरा बदल यादीचा. तुमच्या पत्रात पालक आणि मेथी आहे. मेथी हे थंडीचं पीक, सूनबाई. मे महिन्यात विदर्भात ती कुणी लावलीच तर हिरव्या जाळीखाली, भरपूर पाणी पाजून. म्हणून ती महाग, उंच, दांडी जाड आणि चव कडवट. मटार, फ्लॉवर, लाल गाजरांचंही तेच. आता बाजारात दिसले तर एकतर लांबच्या थंड प्रदेशातून आलेले किंवा शीतगृहातून निघालेले. बाबांची कळकळ शेतकऱ्याकडून घेण्याची आहे ना? मग त्यांना ही खूण दाखवा. ज्याच्या पुढ्यात मटारपासून सफरचंदापर्यंत सगळं रचून ठेवलेलं आहे तो व्यापारी. ज्याच्या पुढ्यात तीनच वस्तू आहेत, ढेमसं, भेंडी आणि पावभर हिरवी मिरची, त्याच्या शेतातून त्या आल्या असण्याची शक्यता बरीच. व्यापारी वाईट असतो असं मी म्हणत नाही, तोही पहाटे तीनला उठून माल आणतो. पण शेतकऱ्याचा भाव म्हणून व्यापाऱ्याकडून घेऊ नका. महाराष्ट्रात २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला आणि पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. शेतकरी शहरात बसून थेट विकू शकतो ही सोय आहे. ती वापरायची तर समोर कोण बसलंय ते विचारायला हरकत नाही. «दादा, कुठलं गाव? कधी तोडली?» एवढं विचारलं की खऱ्या शेतकऱ्याला बोलायला जागा मिळते. कुठली विहीर आटली इथपासून तुम्हाला कळेल.

मेमध्ये इथे घ्यायचं ते वेलावरचं. ढेमसं, दोडकं, कारलं, लवकी (म्हणजे दुधी), काकडी, कोहळं. जोडीला भेंडी, गवार, बरबटीच्या (म्हणजे चवळीच्या) शेंगा. यांना ऊन मानवतं. ढेमसं लहान, हिरवंगार, लव असलेलं आणि नख सहज रुतेल असं घ्या. मोठं घेतलंत तर आत बिया निघतात आणि घरात कुणी खात नाही. (ठाण्यात ढेमशाला कुणी विचारत नाही याची मला कल्पना आहे. चण्याची डाळ घालून करून बघा, मग बोला.) भेंडीचं टोक कट्कन मोडलं पाहिजे. दोडकं हातात धरून बघायचं, रबरासारखं वाकलं तर कालचं. पालेभाजी हवीच असेल तर चवळाई, अंबाडी किंवा चिवळ बघा. चिवळ जमिनीला चिकटून वाढते, तिच्यात माती फार, चार पाण्यांतून काढल्याशिवाय कढईत टाकू नका. पण या दिवसांत ती पोटाला थंड वाटते. आणि हो, इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहिल्यांदा ऐकून तुम्ही गोंधळला असाल.

लिंबं महाग आहेत म्हणून भाजीवाल्यावर रागावू नका. उन्हाळ्यात येणारं लिंबू हस्त बहाराचं. पावसाळ्याच्या शेवटी झाडाला पाण्याचा ताण बसला तर तो बहार धरतो, आणि त्याच वेळी पाऊस लांबला की ताण बसत नाही. म्हणून मागणी सर्वांत जास्त तेव्हा माल सर्वांत कमी. पातळ, गुळगुळीत सालीची, हाताला जड लागणारी लिंबं निवडा. पिवळीजर्द मोठी लिंबं दिसायला छान, पण साल जाड निघाली तर थेंबभर रस. घरी आणल्यावर झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, उघडी राहिली तर चार दिवसांत दगड.

टरबुजाला कलिंगड म्हणालात तरी मिळेल. जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग पांढरा असेल तर ते कच्चं तोडलेलं, लोण्यासारखा पिवळा असेल तर वेलावर पिकलेलं. त्याच्या आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. इंजेक्शनने रंग भरतात म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी घाबरू नका, साल टोचलेलं टरबूज या उन्हात तसंही लवकर आंबतं, विकणाऱ्याचंच नुकसान. भीती बाळगायची ती कापून, बर्फावर मांडून ठेवलेल्या फोडींची. तो बर्फ कशाचा, सुरी कधी धुतली, काही ठाऊक नसतं. बाबांना बाजारात फळ खावंसं वाटलं तर केळं द्या.

आता माझ्या मते तुम्ही जे बघितलंच नाही ते. इथल्या उन्हाळ्यात बाजाराचा निम्मा जीव वाळलेल्या मालात असतो. वर्षभराची लाल मिरची, हळद, चिंच आणि कांदा याच दिवसांत भरतात. नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरची मिरची आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ठाण्यात बसून तुम्ही या नावाने पाकिटं विकत घेतली असती, इथे तुम्ही उगमाशी राहायला आला आहात. मिरची देठासकट घ्या, मुठीत दाबून बघा. खुळखुळली, कुरकुरली पाहिजे. मऊ, लवचिक लागली तर वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असू शकतं, आणि तशी मिरची पावसाळ्यात बुरशी धरते. हळद अख्खी घ्या, मोडून आतला रंग बघा, दळून घरी किंवा चक्कीवर.

कांद्याला जरा वेळ द्या, कारण इथे पैसा खरा वाचतो. एप्रिल-मेमध्ये येतो तो रब्बीचा, म्हणजे उन्हाळी कांदा. टिकणारा कांदा तो हाच. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा दोन-चार आठवड्यांत मोड काढतो. मध्यम आकार, मान बारीक आणि पूर्ण सुकून मिटलेली, वरची साल कोरडी आणि करकरीत, असा बघून घ्या. जाड मानेचे आणि जोडकांदे बाजूला काढा, ते आधी सडतात आणि शेजारच्यालाही सडवतात. घरी गोणीत बांधून ठेवू नका. बारदानावर एक थर पसरा, पलंगाखाली चालेल, हवा खेळली पाहिजे. आलू त्यांच्यापासून दूर. आठवड्यातून एकदा हात फिरवून नरम झालेले वेचा. गणपतीपर्यंत तरी काळजी नाही. हे वेचण्याचं काम बाबांचं. वर्षाच्या बेगमीचं सगळं खातंच त्यांना देऊन टाका. मिरची कुणाकडून, कांदा किती, हळद कधी दळायची, सगळं ते ठरवतील. ही खरेदी संध्याकाळी करता येते, तीही महिन्यातून एकदा. बाबांचा नेम राहतो आणि अकराचं ऊन टळतं.

घासाघिशीबद्दल तुम्हाला वाटणारी लाज मला समजते, पण बाबांचीही बाजू आहे. त्यांच्या पिढीला भाव करणं म्हणजे बोलणं. मुकाट्याने पैसे टाकून निघून जाणारा गिऱ्हाईक त्यांना तुसडा वाटतो. तरी हिशेब मांडून बघा. बाबांनी सातशेच्या भाजीत भाव करून चाळीस रुपये वाचवले असं धरू, कचऱ्यात गेले साडेतीनशे. म्हणून त्यांना भाव करू नका असं सांगण्यापेक्षा तीन दिवसांपुरतीच भाजी घेऊ म्हणा. एवढं बोलून मध्ये एक तह सुचवा. पालेभाजी घेताना किंवा बोहनीचं गिऱ्हाईक असाल तर भाव नाही. दहा किलो कांदा, पाच किलो मिरची अशी घाऊक खरेदी असेल तर बाबांनी मनसोक्त भाव करावा, तिथे ती रीतच आहे. सुट्या भाजीत भाव कमी करण्याऐवजी वरून चार मिरच्या, सांबाराच्या दोन काड्या मागा, देणाऱ्यालाही ते खुपत नाही. आणि ज्या बाईंनी बाबांना पालाखाली बसवलं त्यांच्याकडे पुढच्या रविवारी जा, दुसऱ्या कुणाकडे जाण्याआधी. त्यांच्याशी भाव करायचा नाही हे मी बाबांना सांगायची गरज नाही.

आता आणण्याची आणि ठेवण्याची तऱ्हा. सुती पिशव्या, प्लॅस्टिक नाही. जड माल आधी, पालेभाजी सगळ्यात शेवटी, ओल्या पंच्यात गुंडाळून आणि थेट घरी. वाटेत बँक, चहा, नातेवाईक काही नाही. घरी आल्याबरोबर तापलेली भाजी फ्रिजमध्ये कोंबू नका. फरशीवर ओल्या फडक्यावर पसरा, पंखा लावा, अर्धा तास निवू द्या. मग सांबार मुळं कापून कोरड्या फडक्यात, पालेभाजी न धुता कागदात, भेंडी पुसून कोरडी. धुणं चिरायच्या वेळी. टमाटर फ्रिजबाहेर ठेवा असं कुठेतरी वाचलं असेल, तो सल्ला पंचवीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी आहे. तुमच्या स्वयंपाकघरात मेमध्ये चाळीस होतं, पिकलेले टमाटर बिनधास्त फ्रिजमध्ये.

नवऱ्याचं मोबाइलचं म्हणणं पूर्ण मोडीत काढू नका. लू चालू असेल, बाबांना बरं नसेल, मुलांच्या परीक्षा असतील, त्या आठवड्यात मागवा. नेम मोडला म्हणून बाबा रागावले तर कांदा-मिरची अजून त्यांच्याच हातात आहे याची आठवण करून द्या.

राहिले आंबे. पिवळेधमक आणि आंबट, म्हणजे बहुधा कोवळे तोडून पिकवलेले. कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूने ठरावीक मर्यादेत पिकवायला परवानगी आहे. पण कोवळा आंबा कशानेही पिकवा, रंग येतो, गोडी येत नाही. सगळ्या पेटीला एकसारखा रंग, देठाशी नाक नेलं तरी वास नाही, सालीवर राखेसारखी पूड, असं असलं तर पुढे चला. एप्रिलमध्ये इथे मिळणारा बैगनपल्ली बहुतेक आंध्र-तेलंगणातून आलेला, वाटेत बरेच हात लागलेला. त्यापेक्षा देठाजवळ खांदे वर आलेले, भरलेले कच्चे आंबे घ्या आणि बादलीत टाका. बुडाले ते तयार, तरंगले ते कोवळे, लोणच्याला. बुडालेले पुसून घरातल्या सर्वांत थंड खोलीत गवतात किंवा कागदात घाला, रोज एकदा हात लावून बघा, पिकेपर्यंत फ्रिज दाखवू नका. मेच्या शेवटी गावरान आंबा येईल, रसाला तोच. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवा.

आणलेले आंबट आंबे अजून असतील तर फेकू नका. फोडी करून मेथांबा घाला. गूळ मात्र हात राखून, अर्धे पिवळे झालेत म्हणजे थोडी गोडी त्यांच्यात आधीच आहे.